डाव्या हाताची छपरं

"डब्यातला रंग डब्यातच बरा. बाहेर आला की त्याला सोबत लागते."

हे वाक्य पेंटरमामांच्या तोंडून किती वेळा निघालं असेल, त्याला गणती नाही. नवा डबा उघडला की म्हणायचे, जुना डबा खरवडून संपला की म्हणायचे, आणि दुसऱ्या कुणी रंगवलेली पाटी दिसली की मान जरा तिरकी करून, ऐकणाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे. अर्थ सरळ होता. कारखान्याने डब्यात भरून दिलेला लाल हा कुणाचाच लाल नसतो. त्यात चिमूटभर तपकिरी, एखादा थेंब पिवळा, क्वचित निळ्याची नुसती चाहूल घातली की मग तो कुणाचा तरी होतो. न्हाव्याच्या दुकानाचा लाल त्यांनी ताज्या दाढीसारखा स्वच्छ ठेवला होता. बेकरीचा लाल भाजका. दवाखान्याच्या पाटीचा लाल असा, की आधीच घाबरलेला माणूस आणखी घाबरू नये. शाळेच्या फाटकावरचा वरून रागीट आणि आतून मायाळू. अडतीस वर्षं त्यांनी बाजाराला असे लाल पुरवले. कोरा लाल त्यांच्या हातून कधी भिंतीला लागला नाही.

मग यंत्रावर छापलेल्या पाट्या आल्या. सकाळी सांगितली की दुपारी टांगून मोकळे. मामांची आधी गिऱ्हाइकं गेली, मग दुकान गेलं. ब्रश तेवढे राहिले, तेलाच्या डब्यात माना खाली घालून उभे. मामा रोज आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून चौकातल्या कट्ट्यावर जाऊन बसत आणि समोरच्या छापील पाट्यांना नावं ठेवत.

"नावं ठेवून पोट भरत असतं तर एव्हाना आपण दोघं दारातून मावलो नसतो," मामी म्हणायच्या.

मामींचं बोलणं त्यांना लागत नसे. त्या बोलण्याला धार होती, पण पस्तीस वर्षांत त्याची तितकीच सवयही झाली होती. लागायचं वेगळंच. सकाळी डोळे उघडले की आज हात कुठे ठेवायचे, हे त्यांना कळत नसे. मांडीवर ठेवले तर उपरे वाटत, खिशात घातले तर चोरून आणल्यासारखे. बसायला एक टेबल असावं, त्यावर ओल्या रंगाची वाटी असावी आणि कुणीतरी म्हणावं, "मामा, झालं का?" एवढंच त्यांना हवं होतं. पण एवढंच कुठे विकत मिळत नव्हतं.

मामांच्या धाकट्या बहिणीची मुलगी नकाशाच्या कंपनीत कामाला होती. घरात सगळ्यांची समजूत अशी की ती जमिनी मोजते. एका सकाळी ती थेट कट्ट्यावर आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "मामा, ब्रश धुऊन घे. उद्या माझ्याबरोबर यायचंय." मामांनी कशाला, किती दिवस, असं काहीच विचारलं नाही. बुडणारा माणूस दोरीचा पीळ तपासत बसत नाही.

कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरची एक लांबोडकी खोली. लोखंडी जिना, पायाखाली हलणारा. खालून हवा भरायच्या यंत्राचा फुसकारा दर दोन मिनिटांनी यायचा आणि खोलीतलं कुणीच दचकायचं नाही; पहिल्या दिवशी मामाच तेवढे दचकत होते. तीन संगणक, कागदाची छबी आत ओढून घेणारं एक चपटं यंत्र, आणि खिडकीपाशी एक मोकळं टेबल, ज्यावर जुने कागद आणि एक वाळलेलं रोपटं. भिंतीभर नकाशे होते. डोंगर, नद्या, बेटं, जंगलाच्या कडेला मनोरे. मामांनी चष्मा पुसून एकेक नकाशा वाचला. एकही गाव ओळखीचं निघेना.

"हा कुठला मुलूख?" त्यांनी विचारलं.

"कुठलाच नाही," भाची म्हणाली.

"मग तिथे जातं कोण?"

भाची हसली आणि तिने शेजारच्या मुलाकडे बोट केलं. संगणकाचं काम तोच बघायचा. नाकावरून सतत घसरणाऱ्या चष्म्यामुळे सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत. त्याने सावकाश समजावलं. गोष्टी लिहिणारे लोक असतात, गोष्टींचे खेळ खेळणारे असतात. त्यांना आपल्या मनातल्या देशाचा नकाशा हवा असतो. ही कंपनी असं सॉफ्टवेअर बनवते, की ज्याला एक रेघही सरळ येत नाही त्यानेसुद्धा डोंगर उचलून इथे ठेवावा, घर उचलून तिथे ठेवावं. त्या प्रत्येक छोट्या चित्राला चिन्ह म्हणतात. मामांनी मान डोलवली. समजण्याआधी मान डोलवायची, ही त्यांची गिऱ्हाइकांपासूनची रीत. समजायला पुढे वेळ असतोच.

कंपनीची मालकीण पूर्वी भूगोल शिकवायची. उंच, बोलायला हळू, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघणारी. तिला सगळे बाई म्हणत. बाईंना चाळीस चिन्हांचा संच हवा होता, सगळी घरं, आणि हाताने रंगवलेली. संगणकावर काढलेली घरं त्यांना इस्त्री केल्यासारखी वाटत. भाचीने मामांसाठी शब्द टाकला होता. शनिवारपर्यंत संच जमला तर खिडकीपाशी ठेवलेलं टेबल मामांचं, कायमचं. नाही जमला तर बाहेरून तयार संच घ्यायचा. तो बाईंनी बघूनही ठेवला होता.

मामा एकदा टेबलाकडे बघून आले आणि म्हणाले, घरंच ना, त्यात काय.

खरी मेख पुढे होती. ही घरं रंग बदलणारी हवी होती. ज्याला निळं छप्पर हवं त्याने निळ्यावर टिचकी मारावी, छप्पर निळं. हिरवं म्हटलं की हिरवं. भिंत, दार, खिडकी मात्र जागच्या जागी, जशी रंगवली तशी. त्यासाठी चष्मेवाल्याने एक लाल ट्यूब मामांच्या हातात दिली. हा एकच लाल यंत्राला ओळखायला शिकवला होता. जिथे तो दिसेल तिथे यंत्र आपला रंग ओतणार. पाणी घालून फिकट करा, थर देऊन गडद करा, चालेल. दुसरा रंग मिसळला की ओळख पुसली.

"लाल म्हणजे लाल नाही, मामा," तो म्हणाला. "लाल म्हणजे मोकळी जागा."

"मग मोकळीच सोडतो की."

"मोकळी सोडली तर कागद दिसेल."

"बरं. मग लाल लावतो."

"लावा. पण तो दिसणार नाही."

मामांनी ट्यूब उलटसुलट करून पाहिली. मग भाचीकडे वळून हळूच विचारलं, "हे मला मामा बनवतायत का गं?"

"मामा तू आधीपासूनच आहेस," भाची म्हणाली. "तू रंगव."

मंगळवारपर्यंत मामांनी बारा घरं रंगवली. तळहाताएवढ्या, जाड कागदावर एकेक घर. एकाच्या छपराला ऊन लागलेलं, एकाच्या छपराला शेवाळाची झाक. एका दारात इवलीशी बाई, कमरेवर हात ठेवून, मामींसारखी. खोलीतली सगळी माणसं बघायला उठली. बाईसुद्धा भिंतीकडे न बघता कागदाकडे बघू लागल्या. मामांना आतून गुदगुल्या झाल्या. कागद यंत्रात गेले, घरं पडद्यावर आली आणि चष्मेवाल्याने निळ्यावर टिचकी मारली.

छपरं निळी झाली नाहीत. ती जागोजागी निळी झाली. मधेमधे, जिथे मामांनी सवयीने दुसरा रंग मिसळला होता तिथे, मातकट लाल ठिगळं तशीच राहिली, जसं खरूज झालेल्या कुत्र्याच्या पाठीवर केस राहतात. इतकंही ठीक होतं. पण छपराबाहेर जे व्हायला नको तेही झालं होतं. दारातल्या बाईचे गाल निळे पडले. खिडकीतला दिवा निळा पेटला. भिंतीच्या कोपऱ्यात निळे डाग उठले. त्याच लालाचं एक बोट मामांनी सगळीकडे फिरवलं होतं. घर एकजीव दिसायचं तर भिंतीला छपराची खबर हवी, ही त्यांची जुनी शिस्त.

खालून हवेचा फुसकारा आला.

"मी लाल दिला होता," मामा म्हणाले. "निळा कुणी लावला?"

चष्मेवाल्याने पुन्हा सगळं समजावलं. मामांना शब्द सगळे कळले. शब्दांची मोळी बांधता येईना. त्यांनी विचारलं, मग हे घर खरं कुठल्या रंगाचं? चष्मेवाला म्हणाला, तसा खरा रंगच नाही. मुलूख नसलेल्या नकाशात रंग नसलेलं घर, आणि ते रंगवायला आपण, असा मामांनी हिशेब लावला. मामा खुर्चीत बसले. एवढं डोकं त्यांचं पूर्वी एकदाच गरगरलं होतं, शिडीवरून पडले तेव्हा, आणि तेव्हा निदान खाली जमीन होती.

भाचीने सुचवून पाहिलं, की छपरांचा लाल संगणकावरच भरून घेऊ. बाईंनी मान हलवली. मग ब्रशचा माग राहणार नाही, आणि माग नको तर मामांना कशाला बोलावलं, असं त्या म्हणाल्या. रागावून नव्हे. पण शनिवार शनिवारच राहिला.

घरी मामींना हे सांगताना मामांची फार ओढाताण झाली. जे आपल्याला कळलं नाही ते दुसऱ्याला सांगायचं म्हणजे उसन्या चपला घालून पळायचं. मामींनी ऐकून घेतलं, ताट पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "यात न कळण्यासारखं काय आहे? काचेची बरणी असते. आज त्यात साखर, उद्या मीठ. बरणीला कुणी विचारतं का, तू गोड की खारट?"

"पण बरणी मी रंगवतोय ना."

"मग तुमचं लक्ष साखरेत कशाला?"

मामा रात्रभर बरणीचा विचार करून उठले आणि बुधवारी कामाला बसले. आता त्यांनी ठरवलंच होतं, की लालात लालच. पण ठरवलं ते डोक्याने, आणि उजवा हात डोक्याच्या नोकरीत कधी नव्हताच. ब्रश लालात बुडाला, वर आला, आणि कागदाकडे जाता जाता तपकिरी वाटीला अलगद तोंड लावून गेला. मामांना ते छप्पर अर्धं झाल्यावर दिसलं. त्यांनी तपकिरी वाटी उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवली. पुढच्या खेपेला हात पिवळ्यात शिरला. पिवळी हलवली. मग हाताने ब्रशच्या बुडाशी राहिलेला कालचा निळा शोधून काढला. टेबलावर एकटा लाल उरला तेव्हा हात कागदाच्या वर चार बोटांवर अडून बसला. पुढे जाईना. कोरा लाल लावायला तो तयारच नव्हता. ज्याला आपणच अडतीस वर्षं एक गोष्ट शिकवली, त्याला एका दिवसात उलटी कशी शिकवायची?

त्या दिवशी सात कागद फाडले. भाची दोनदा येऊन उभी राहिली, फाटलेले कागद उचलून गेली. तिच्या त्या आवरण्याचं मामांना जास्त वाईट वाटलं. शब्द तिने टाकला होता.

गुरुवारी सकाळी मामांनी आधीची घरं बाजूला ठेवली आणि नव्या कागदांवर भिंती, दारं, खिडक्या उजव्या हाताने करून घेतल्या. लालाचा कणही कुठे येऊ दिला नाही. भिंती सुरेख झाल्या, जरा एकाकी दिसत होत्या. मग छपरांची वेळ आली, तेव्हा त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. वर्गात मस्ती करणाऱ्या पोराला कोपऱ्यात बसवावं तसा उजवा हात मांडीखाली घातला, त्यावर नीट बसले आणि ब्रश डाव्या हातात घेतला.

डाव्या हाताने आजवर हमालीच केली होती. डबा धर, शिडी धर, फडकं धर. लाल आणि लाल यांत काही फरक असतो हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याला सांगितलं, हा रंग इथे लाव. त्याने लावला. छप्पर जरासं थरथरलं. कडा केसभर वाकडी गेली, मधला कणा किंचित बसला. पण लाल तो लालच राहिला. मामा बघत राहिले. त्यांनी दुसरं केलं, तिसरं केलं. भाची चहा घेऊन आली आणि मामांची बैठक बघून तिथेच थबकली.

"हात दुखतोय का?"

"शिक्षा दिलीय त्याला," मामा म्हणाले. "तू जा. बाईंना सांगू नको."

दोन दिवस आणि दोन रात्री हेच चाललं. शनिवारी सकाळी चाळीस कागद यंत्रातून गेले आणि चाळीस घरं पडद्यावर ओळीने उभी राहिली. मामा चष्मेवाल्याच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून उभे होते. टिचकी वाजली. वाऱ्याची झुळूक शेतावरून जावी तशी चाळीस छपरं एकदम हिरवी झाली. थर जाड तिथे गर्द, पाणी जास्त तिथे पोपटी. भिंती जागच्या जागी. दारातल्या बाईचे गाल तिचेच होते. मग जांभळी झाली, मग राखाडी, मग पिवळी.

"लाल कुठे गेला?" मामांनी विचारलं.

"आहे की. खाली आहे, मामा."

मामांची नजर नकळत टेबलाखाली जाऊन आली.

बाई पडद्याजवळ वाकल्या. खूप वेळ वाकून होत्या. एका छपरावर त्यांनी बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. मामांना वाटलं, वाकडेपणा सापडला.

"ही छपरं वापरलेली वाटतात," बाई अखेर म्हणाल्या. "आत कुणीतरी राहत असेल असं वाटतं. असं मला आजवर मिळालं नव्हतं." मग नेहमीसारखं भिंतीकडे बघत, "टेबल आजच पुसून घ्या. पुढचा संच मनोऱ्यांचा. पण याच हाताने हवा."

"कोणत्या?" मामांच्या तोंडून निघून गेलं.

भाचीला जोराचा खोकला आला. बाईंना काही कळलं नाही आणि कुणी कळवलंही नाही.

टेबल मिळालं. जे मागितलं ते पदरात पडलं. मामांनी त्यावरचे जुने कागद उचलले, फडकं फिरवलं, दोन्ही हात वर ठेवून बसून पाहिलं. आनंद झाला होता, पण तो कुणाच्या नावावर घ्यावा ते कळेना. अडतीस वर्षं जिवापाड शिकवलेला मुलगा नापास झाला आणि कधी शाळेची पायरी न चढलेला पहिला आला, तर बापाने पेढे वाटावेत की तोंड लपवावं? उजवा हात टेबलावर शांत पडून होता. डावासुद्धा. दोघांपैकी कुणालाच काही सांगायचं नव्हतं.

तेवढ्यात बाईंनी हाक मारली. संच उघडला की माणसाला आधी एक नमुन्याचा नकाशा दिसतो. त्यात या चाळीस घरांचं एक गाव मांडलं होतं, नदीकाठी. छपरांचे रंग तेवढे मामांनी ठरवायचे. त्यांची घरं, त्यांनीच रंग द्यावा, असं बाईंचं म्हणणं.

चष्मेवाल्याने जागा दिली, माउस हातात दिला, रंगांचं चाक दाखवलं. जगातले सगळे रंग त्यात होते. मामांनी पहिल्या छपराला भाजका लाल दिला. छान दिसला. मग वाटलं, जरा पिवळ्याकडे हवा. तो दिला. मग आधीचाच बरा होता असं वाटलं. आयुष्यभर त्यांनी रंग ठरवला, लावला, आणि तो वाळला की मागचं दार बंद व्हायचं. पुढच्या पाटीकडे वळता यायचं. इथे काही वाळतच नव्हतं. अर्ध्या तासात पहिल्याच घराने बावीस छपरं बदलली आणि उरलेली एकोणचाळीस वाट बघत बसली.

मामांनी माउस सोडला.

"बाई, या गावात पाऊस किती पडतो?"

चष्मेवाला हसणार होता, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "ते तुम्ही ठरवा."

या उत्तराने मामांची उरलीसुरली मतीही गुंग झाली. पाऊस आपण ठरवायचा, ऊन आपण ठरवायचं, घरात कोण राहतं तेही आपणच. न्हावी नाही, बेकरीवाला नाही, समोर उभं राहून "जरा गडद करा हो" म्हणणारं कुणी नाही. ते उठले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बघून येतो," ते म्हणाले.

"काय बघून येतोस?" भाचीने विचारलं.

"छपरं."

लोखंडी जिना वाजत राहिला आणि मग थांबला. भाची खिडकीशी गेली. मामा रस्त्याच्या कडेला येऊन उभे होते, मान वर, तोंड अर्धं उघडं, समोरच्या इमारतीच्या डोक्याकडे बघत. मग ते चालू लागले. दहा पावलं टाकायचे, थांबायचे, वर बघायचे. एका सायकलवाल्याने घंटी वाजवून वळसा घेतला, त्यांना कळलंही नाही. खाली टायरवाला उकिडवा बसून ट्यूबमधलं भोक शोधत होता. त्यानेही हातातलं काम ठेवून त्यांच्याकडे पाहिलं, मग वर खिडकीकडे बघत विचारलं, मामांचं काही उडून गेलंय का वर, पतंग-बितंग?

मामा औषधाच्या दुकानापर्यंत पोचले होते. तिथे त्यांनी एक पत्रा बराच वेळ निरखला, मान हलवली, आणि गल्लीच्या तोंडाशी वळले. टायरवाला आणि ती, दोघंही त्या वळणाकडे बघत राहिले.